पाचपट, दुप्पट आणि बटई

समृद्धी महामार्गाचे आणि जालना-नांदेड द्रुतगती मार्गाचे भूसंपादनाचे कागद शेजारी ठेवून वाचले की आधी नजरेत भरतो तो गुणाकार.

समृद्धी 701 किलोमीटरचा, 10 जिल्ह्यांतून जाणारा. जालना आणि बदनापूर तालुक्यांतली शिवारं त्यात आली. घोषणा 2015 ची. सुरुवातीच्या कागदांत खरेदी नव्हतीच. जमीन द्यायची आणि बदल्यात महामार्गालगत वसवायच्या नवनगरात विकसित भूखंड घ्यायचा, जिरायतीला 25 टक्के, बागायतीला 30. पेरायची जमीन देऊन प्लॉट घेऊन करायचं काय, हा गावागावातला विरोध 2017 पर्यंत इतका वाढला की सरकार थेट खरेदीवर आलं. 2013 च्या कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारमूल्याला गुणांक 2, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे चौपट. थेट खरेदीचे 25 टक्के जादा धरून पाचपट.

जालना-नांदेड मार्ग मार्च 2021 च्या अर्थसंकल्पात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्याने महामार्गांसाठीचा गुणांक 2 वरून 1 वर आणला. चौपटीचा हिशेब दुपटीवर आला, आणि ‘समृद्धीसारखा मोबदला द्या’ म्हणून शेतकरी आंदोलनाला बसले.

पण कितीही पट केली तरी ती कशाची? बाजारमूल्य काढतात रेडी रेकनरवरून, नाहीतर आधीच्या तीन वर्षांतल्या चढ्या खरेदीखतांच्या सरासरीवरून. जे जास्त भरेल ते. मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात रक्कम कमी लिहायची, ही आपली जुनी रीत. तेव्हा वाचवलेले हजार मोबदल्यात लाखांनी वजा होतात. तसंच पिकांची नोंद असलेल्या गाव नमुना 12 चं. विहीर आहे, पण पेऱ्याची नोंद नीट नाही, तर बागायत सिद्ध करता करता मालकाच्या चपला झिजतात.

बटईदाराला, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्याला, तर सिद्ध करायला कागदच नाही. 2013 च्या कायद्याच्या कलम 3 मध्ये ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेले शेतमजूर, कुळं, बटईदार स्पष्ट लिहिले आहेत. ही माणसं मोजायची जागा म्हणजे सामाजिक परिणामांचा अभ्यास. थेट खरेदीत तो टप्पा नाही. खरेदीखत होतं ते सातबाऱ्यावरच्या नावांशी.

मग सातबाऱ्यावर बटईदार का नाही? माझ्या मते उत्तर 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्यात आहे. त्याने कसणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि तेव्हापासून मराठवाड्यातला मालक कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊ देत नाही. बटई तोंडी ठरते, पाडव्याला. खरेदीखत झालं की ती तोंडीच मोडते. पाचपटीच्या कागदांत तिचा आकडा नाही, दुपटीच्याही नाही.