घड्याचे नाक

कुंभकोणम्हून चेन्नईच्या रस्त्याला लागले की थोड्या अंतरावर चोळपुरम् येते. चोळांचे पुर ते चोळपुरम्. मराठी वाचकाला हे नाव उलगडून सांगावे लागत नाही. कुंभकोणम्चे तसे नाही. ‘कुंभ’ कळतो, ‘कोण’ही कळतो, पण गोल घड्याला कोण कुठून आला?

उत्तर जुन्या तमिळ नावात आहे. सातव्या शतकातल्या शैव संतांनी आपल्या पदांत, म्हणजे ‘तेवारम्’मध्ये, या क्षेत्राला ‘कुडमूक्कु’ म्हटले आहे. ‘कुडम्’ म्हणजे घडा, ‘मूक्कु’ म्हणजे नाक. तमिळमध्ये पक्ष्याची चोचही मूक्कु आणि भांड्याची तोटीही मूक्कुच. प्रलयाच्या पाण्यावर तरंगत आलेला अमृतकुंभ इथे टेकला आणि शंकराने बाण मारून तो फोडला, अशी स्थलपुराणाची कथा आहे.

संस्कृतात हे नाव ‘कुंभघोण’ झाले. ‘घोणा’ म्हणजेही नाकच. भाषांतर शब्दाला शब्द ठेवून केलेले आहे, आणि चुकीचे म्हणता येणार नाही. तरी काहीतरी निसटले. तमिळ कानाला मूक्कुमध्ये तोटी सहज ऐकू येते. घोणा म्हटले की घोड्याचे किंवा रानडुकराचे नाकाड पुढे येते. लक्षणार्थ मागे राहिला आणि वाच्यार्थ तेवढा पलीकडे गेला. मग बोलण्यात ‘घोण’चे ‘कोण’ झाले आणि नाकही गेले. १९०६ पासून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापले गेलेले दाक्षिणात्य महाभारत आपले अभ्यासक ‘कुंभकोणम् प्रत’ म्हणूनच ओळखतात.

नाकावरून नाव पडलेले दुसरे तीर्थ आपल्या घरचे आहे. शूर्पणखेचे नाक, म्हणजे नासिका, जिथे कापले ते नाशिक, असे लोक सांगतात. ही व्युत्पत्ती सिद्ध करणे अवघड आहे; नाव मात्र पांडवलेणीच्या शिलालेखांइतके, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे जुने आहे. योग असा की दोन्ही ठिकाणचे बारा वर्षांचे पर्व गुरू सिंह राशीत आला की येते : नाशिकचा सिंहस्थ २०१५-१६ मध्ये झाला आणि कुंभकोणम्चा महामहम् फेब्रुवारी २०१६ मध्ये.

शूर्पणखेचे नाक कथेत खरोखर कापले जाते. मराठीत मात्र रक्ताचा थेंब न सांडता रोज कुणाचे तरी नाक कापले जाते. तमिळमध्येही ‘मूक्करुप्पु’ म्हणजे नाक कापणे, अर्थात चारचौघांत केलेला अपमान. हा वाक्प्रचार नुसता कल्पनेतून आला असे समजू नये. १६५०च्या दशकात म्हैसूर आणि मदुरा यांच्या लढाईत सैनिकांनी शत्रूची नाके खरोखरच कापून नेली होती. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १६७६च्या सुमारास, एकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले. १८५५पर्यंत तिथे मराठी राजघराणे होते. कुंभकोणम्मध्ये दबीर हे मराठी दरबारी पद अजून रस्त्यांच्या नावांत आहे. दोन्ही भाषांतली नाके इतकी वर्षे एकमेकांच्या शेजारी नांदली.

शेजार असला तरी सगळेच अवयव जुळत नाहीत. आश्चर्य वाटले की तमिळ माणूस नाकावर बोट ठेवतो, मराठी माणूस तोंडात बोट घालतो. सुईच्या भोकाला आपण नेढे म्हणतो, नाकही म्हणतो. तमिळमध्ये तो सुईचा कान. आपल्याकडे कान कढईला असतात. मडक्याला तोंड, गळा आणि पोट दिले. नाक द्यायचे मात्र आपण विसरलो.

त्यामुळे तेवारम्मधले हे गाव मराठीत आणताना पेच पडतो. ‘घड्याची तोटी’ लिहावे तर अर्थ नेमका पोचतो, पण भांड्यात चेहरा पाहण्याची तमिळची जुनी सवय पुसली जाते. ‘घड्याचे नाक’ लिहावे तर वाचक क्षणभर अडतो. संस्कृत भाषांतरकाराने नाक निवडले आणि त्याच्याजवळ तोटी ठेवायची राहिली. ते दोन्ही एकाच वाक्यात आणता येते : घड्याचे नाक, जिथून अमृत सांडले. ‘सांडले’ या क्रियापदाने नाकाची तोटी आपोआप होते, आणि तळटीप लागत नाही.