मिल्स, बिली

(३० जून १९३८ – ). ओग्लाला लकोटा जमातीचे अमेरिकन धावपटू. जन्म साउथ डकोटातील पाइन रिज राखीव क्षेत्रात. बाराव्या वर्षी पोरके झाले. शिक्षण हॅस्केलची निवासी शाळा व कॅन्सस विद्यापीठ येथे. विद्यार्थिदशेत छायाचित्रकाराने त्यांना संघाच्या छायाचित्रातून बाजूला व्हायला सांगितले; अशा वांशिक अपमानांनी ते आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचले होते. पुढे मरीन दलात अधिकारी. टोकियो ऑलिंपिकमध्ये (१९६४) १०,००० मीटर शर्यतीच्या अखेरच्या फेरीत प्रतिस्पर्धी रॉन क्लार्क यांचा धक्का लागून ते मागे पडले. तरी शेवटच्या सरळ टप्प्यात क्लार्क व ट्युनिशियाचे मोहम्मद गामूदी या दोघांनाही मागे टाकून त्यांनी ती २८ मिनिटे २४·४ सेकंदांत जिंकली. हा विजय सर्वस्वी अनपेक्षित होता. पदकाइतकेच मोलाचे काम त्यांनी १९८६ मध्ये सहसंस्थापक म्हणून उभारलेल्या ‘रनिंग स्ट्राँग’ संस्थेचे : मूलनिवासी वस्त्यांना पाणी, अन्न आणि तरुणांना आधार.