ऋण संख्येचे वर्गमूळ : एका नामकरणाचा इतिहास

शास्त्रातील संज्ञा बहुधा संकल्पना स्थिर झाल्यावर रूढ होते. ऋण संख्येच्या वर्गमुळाच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. संकल्पनेचा अर्थ निश्चित होण्यापूर्वीच तिला 'काल्पनिक' हे नाव मिळाले, आणि अर्थ सापडल्यानंतरही ते नाव सुटले नाही. उच्च माध्यमिक वर्गातील विद्यार्थ्याला आजही प्रथम हे नाव भेटते आणि त्यामागून उदाहरणे येतात. जी संख्या मुळात नाहीच तिच्या आधारे उदाहरण सोडवायचे कसे, ही त्याची शंका त्या नावातूनच उद्भवते. या शंकेला इतिहास आहे.

राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्याने 'गणितसारसंग्रह' रचला. ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही, असा निर्णय त्याने त्यात दिला आहे. भास्कराचार्याच्या 'बीजगणिता'तही (बारावे शतक) हेच मत आढळते. हा निर्णय तर्कदृष्ट्या निर्दोष होता. वर्गसमीकरणात असे मूळ आले की उदाहरणाला उत्तर नाही एवढेच म्हणून थांबता येत असे. त्यापुढे जाण्याचे प्रयोजनच नव्हते.

ते प्रयोजन सोळाव्या शतकातील इटलीत निर्माण झाले. १५४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'आर्स माग्ना' या ग्रंथात जिरोलामो कार्दानो याने एक उदाहरण घेतले : १० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० होईल. उत्तर येते ५ + √−१५ आणि ५ − √−१५. कार्दानोने गुणाकार करून ताळा पाहिला, तो जुळला. तथापि हा प्रकार जितका सूक्ष्म तितकाच निरुपयोगी आहे, असा अभिप्राय देऊन त्याने तो विषय सोडून दिला.

खरी अडचण वर्गसमीकरणाची नसून त्रिघात समीकरणाची होती, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून सहसा निसटते. ज्या संख्येचा घन तिच्या पंधरापटीपेक्षा ४ ने अधिक आहे, ती संख्या कोणती? उत्तर ४ आहे, हे सहज पडताळता येते. परंतु कार्दानोच्या ग्रंथातील सूत्र लावल्यास २ + √−१२१ आणि २ − √−१२१ यांच्या घनमुळांची बेरीज मिळते. उत्तर समोर आहे, म्हणून 'उत्तर नाही' असे म्हणण्याची सोय येथे उरत नाही. राफाएल बोम्बेल्ली या अभियंत्याने १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बीजगणितात हा पेच सोडविला. २ + √−१ चा घन केल्यास २ + ११√−१, म्हणजेच २ + √−१२१, येतो. म्हणून ती दोन घनमुळे अनुक्रमे २ + √−१ व २ − √−१ ही होत. त्यांची बेरीज केली असता √−१ परस्पर नाहीसे होते आणि ४ उरतात.

बोम्बेल्लीने योजिलेली नावे भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. + √−१ ला त्याने 'ऋणाचे धन' आणि − √−१ ला 'ऋणाचे ऋण' अशा अर्थाची इटालियन नावे दिली, व त्यांच्या गुणाकाराचे नियम क्रमाने मांडले. ही वस्तू अस्तित्वात आहे की नाही, याविषयी ती नावे काहीच बोलत नाहीत. तिच्याशी व्यवहार कसा करावा एवढेच ती सुचवितात.

१६३७ साली देकार्तने अशा मुळांना 'काल्पनिक' म्हटले आणि नावाचा रोख क्रियेवरून अस्तित्वाकडे वळला. लायब्निझने १७०२ साली त्यांना सत् व असत् यांच्या मध्ये वावरणारे जणू उभयचर ठरविले. ऑयलरने या संख्यांचा अत्यंत फलदायी उपयोग केला, तरी १७७० च्या आपल्या बीजगणितात त्यांना अशक्य संख्याच म्हटले. नावाने गणन थांबविले नाही, हे यावरून स्पष्ट होते. परंतु गणन करणाऱ्याच्या मनातील संशयही दूर झाला नाही.

तो दूर होण्यास भूमितीचे साहाय्य झाले. कास्पार वेसेल या भूमापकाने १७९७ साली डॅनिश अकादमीपुढे ठेवलेल्या निबंधात या संख्या प्रतलावरील दिशायुक्त रेषाखंडांनी दर्शविल्या. निबंध डॅनिश भाषेत असल्याने सुमारे शंभर वर्षे तो जवळजवळ अज्ञात राहिला. १८०६ साली आर्गांने स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली. पुढे १८३१ साली गाउसने नावावरच बोट ठेवले. या विषयाभोवतीची गूढता बव्हंशी अयोग्य नामकरणामुळे आली आहे, असे सांगून धन, ऋण आणि काल्पनिक या एककांना सरळ, उलट आणि पार्श्विक म्हणावे, असे त्याने सुचविले. √−१ ने गुणणे म्हणजे काटकोनातून वळणे, हा अर्थ 'पार्श्विक' या शब्दात सामावलेला आहे.

या अर्थाचे सामर्थ्य एका शालेय उदाहरणात दिसते. दोन काटकोन त्रिकोणांतील एकेका लघुकोनाची समोरील बाजू लगतच्या बाजूच्या अनुक्रमे निम्मी व एक तृतीयांश आहे. तर त्या दोन कोनांची बेरीज किती? पहिला कोन २ + √−१ ची दिशा दर्शवितो, दुसरा ३ + √−१ ची. गुणाकारात कोनांची बेरीज होते, आणि हा गुणाकार ५ + ५√−१ येतो. दोन्ही घटक समान, म्हणून बेरीज ४५ अंश. 'काल्पनिक' या शब्दातून ही रीत सुचणे अवघड. 'पार्श्विक' या शब्दातून ती स्वाभाविकपणे सुचते.

गाउसची सूचना रूढ झाली नाही. त्याने याच सुमारास प्रचारात आणलेली दुसरी संज्ञा मात्र टिकली. मराठीतील 'संमिश्र संख्या' हे तिचेच प्रतिरूप होय. मराठी विश्वकोशात 'सदसत् संख्या' हा पर्याय आढळतो, आणि त्यात लायब्निझच्या उक्तीचा प्रतिध्वनी ऐकू येतो. 'सदसत्' हा शब्द अस्तित्वाचा प्रश्न जागा ठेवतो, तर 'संमिश्र' हा शब्द केवळ रचना सांगतो. दिशेचा बोध मात्र दोहोंतूनही होत नाही. रूढ संज्ञा बदलणे आता दुष्कर आहे. म्हणून शब्दाने जे सांगितले नाही ते अध्यापनाने सांगितले पाहिजे : प्रथम बोम्बेल्लीचे उदाहरण, मग प्रतलावरील वळण, आणि 'काल्पनिक' हे नाव सर्वांत शेवटी.