अंतराचा इतिहास : बीड जिल्हा आणि मुक्त विद्यापीठ

१/ विद्यापीठांच्या स्थापनेच्या तारखा इतिहासात ठळकपणे नोंदवल्या जातात. विद्यार्थ्याच्या गावापासून त्या विद्यापीठापर्यंतचे अंतर मात्र सहसा कोणी नोंदवत नाही. बीड जिल्ह्यातील उच्च शिक्षणाचा इतिहास समजून घ्यायचा, तर तो या अंतराच्या बाजूने वाचावा लागतो.

२/ निजामी राजवटीत १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे माध्यम उर्दू होते. बीडच्या मराठी मुलापुढे त्यामुळे दोन अंतरे होती : एक हैदराबादचे, दुसरे भाषेचे. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांतील कित्येकांना पुढील शिक्षणासाठी थेट नागपूर गाठावे लागले.

३/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्या वेळी मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. भाषेचे अंतर मिटले. बीड, अंबाजोगाई येथील महाविद्यालयांमुळे रस्त्याचे अंतरही कमी झाले.

४/ तरीही एक अंतर उरलेच. महाविद्यालयाचा वर्ग असे गृहीत धरतो, की विद्यार्थी वर्षभर एकाच ठिकाणी राहील. बीडमध्ये हे गृहीतकच कोसळते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. पती-पत्नीच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणीच अवजाराने होते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, संसार फडाशेजारच्या कोपीत चालतो.

५/ अशा विद्यार्थ्यांचा विचार जगात आधीच सुरू झाला होता. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा खुल्या केल्या. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ चे. १९८२ मध्ये हैदराबादेत देशातील पहिले मुक्त विद्यापीठ उभे राहिले आणि १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले.

६/ १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. देशातील हे पाचवे मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू होते पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. राम ताकवले, आणि ब्रीद होते ‘ज्ञानगंगा घरोघरी’.

७/ या रचनेत प्राध्यापकाचे व्याख्यान पुस्तकात उतरवले गेले. स्वयंअध्ययनासाठी लिहिलेली मराठी पुस्तके विद्यार्थ्याच्या हाती येत. स्थानिक महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे असत, संपर्कसत्रे सुट्टीच्या दिवशी होत. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम होता. तो पूर्ण केला, की पदवीचे दार उघडे.

८/ याचे मोल बीडमध्ये विशेष होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. लग्नाबरोबर शाळा सुटलेल्या मुलीला परत वर्गात बसण्याचा मार्ग जवळजवळ बंद असतो. मुक्त विद्यापीठाने वयाची आणि खंडाची अट सैल केली. तुटलेले शिक्षण जोडता येते, ही शक्यता त्यामुळे निर्माण झाली.

९/ पण शक्यता म्हणजे सोय नव्हे. संपर्कसत्र बीडला आणि विद्यार्थी सांगलीच्या फडात, असे झाले, तर पुस्तक सोबत असूनही शिकवणारा सोबत नसतो. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून आलेल्या स्त्रीपुढे रात्री आधी चूल असते, मग पुस्तक. ज्याला मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज, त्यालाच ही पद्धती सर्वाधिक एकटे सोडते.

१०/ दुसरा प्रश्न पदवीच्या वजनाचा. पहिली पदवी न घेता थेट मुक्त विद्यापीठातून मिळवलेली पदव्युत्तर पदवी नियुक्तीसाठी ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम मुक्त विद्यापीठांनाही बंधनकारक ठरले. २०१३ पासून दूरशिक्षणाचे नियमनही आयोगाकडेच आले. दर्जा राखण्यासाठी हे आवश्यक होते. मात्र नियम जितके काटेकोर, तितके पायरी चुकलेल्या विद्यार्थ्याचे परतणे अवघड, हा पेच कायम राहिला.

११/ २०२० च्या महासाथीत सर्वच विद्यापीठे काही काळ दूरशिक्षणाची विद्यापीठे झाली. तेव्हा नवे अंतर दिसले : घरात एकच मोबाइल, तोही वडिलांकडे; रेंज मिळाली, तर डेटा संपलेला. छापील पुस्तकाला मात्र रेंज लागत नव्हती.

१२/ १९१८ मध्ये अंतर भाषेचे होते, १९५८ पूर्वी रस्त्याचे, नंतर वेळेचे आणि आता साधनांचे. प्रत्येक पिढीने एक अंतर कापले आणि पुढच्या पिढीला दुसरे मोजावे लागले. मुक्त विद्यापीठाने विद्यापीठ विद्यार्थ्याच्या दारी नेले. ज्याचे दारच वर्षातून सहा महिने बंद असते, त्याच्यापर्यंत पोहोचायचे, तर अभ्यासकेंद्रालाही फडापर्यंत जावे लागेल. या इतिहासाचे ते प्रकरण अजून लिहिले जायचे आहे.