गोंदण काढायला आलेली बाई

इतिहासाच्या तासाला मी १९६२ हे साल फळ्यावर लिहिले की मुली एका सुरात ‘चीनचे आक्रमण’ म्हणतात. उत्तर बरोबरच आहे. पण त्याच सालच्या वसंतात अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरी, एक गोष्ट घडली. ती कोणत्याच क्रमिक पुस्तकात नाही. आणि दिवाळी अंकात तरी ती कशाला, असे एखादा सोवळा वाचक विचारील. त्याने खुशाल पान उलटावे.

टिमी जीन लिंडसे ही सहा मुलांची आई. छातीवरचे गोंदण काढून टाकावे म्हणून ती जेफरसन डेव्हिस या धर्मादाय इस्पितळात गेली. डॉक्टरांनी तिला भलतेच विचारले. टॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या दोघांनी सिलिकोनची एक पिशवी तयार केली होती. आत त्याच पदार्थाचा दाट गर. रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातात दाबून पाहताना जेरोला ही कल्पना सुचली, असे सांगतात. आधी ती एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीच्या कातडीखाली घालून पाहिली. काही आठवड्यांनी कुत्री टाकेच चावू लागली, तेव्हा काढून घेतली. आता माणूस हवे होते.

टिमीची आपल्या स्तनांबद्दल काही तक्रार नव्हती. तिला सलत होते ते पुढे आलेले कान. ते मागे बसवून द्याल का, असे तिने विचारले. डॉक्टर कबूल झाले आणि सौदा ठरला. सौदा हा शब्द मी जाणून वापरते. शस्त्रक्रियेची पूर्वतयारी म्हणजे उपाशी पोट आणि रक्ताची तपासणी, असे आपण समजतो. पण खरी तयारी त्याआधी, ‘हे कुणाला हवे आहे?’ या प्रश्नापाशी होते. फुकट इस्पितळात आलेल्या बाईला तो प्रश्न कितपत विचारता येतो?

शस्त्रक्रिया दोन तास चालली. शुद्धीवर आल्यावर छातीवर कुणी जडशीळ ओझे ठेवले आहे असे तिला वाटले. काही दिवसांनी दुखणे ओसरले. रस्त्यात पुरुष शिट्या घालू लागले, तेव्हा कुठे तिला आपल्यातील बदल उमगला.

युरोपात असे प्रयत्न पूर्वीही झाले होते. हायडेलबर्गच्या चेर्नी नावाच्या शल्यवैद्याने १८९५ साली एक हकीकत प्रसिद्ध केली. एका गायिकेच्या स्तनातील गाठ काढल्यावर पडलेला खळगा त्याने तिच्याच अंगावरील चरबीची गाठ बसवून भरला होता. पुढे व्हिएन्नाच्या गेर्सुनीने पॅराफिन टोचण्याची टूम काढली. ती बायकांना फार महाग पडली. मेणाच्या गाठी झाल्या, कातडी चिघळली.

आणि आमचे पुणे? लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी या गाडीवानाच्या नव्या नाकाची हकीकत आहे. टिपूच्या लोकांनी कापलेले नाक पुण्याकडील एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून घडवले. बरे होण्याच्या काळाचे त्यात किती बारकाईने वर्णन आहे! काताच्या लेपाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेले फडके, रोग्याने पाच-सहा दिवस उताणेच निजायचे. कावसजीचे नाक गेले होते, ते त्याला परत हवे होते. टिमीचे काहीच गेले नव्हते.

क्रोनिनने १९६३ साली हा शोध जाहीर केला आणि पिशव्यांचा व्यापार वाढला. शरीर मात्र परक्या वस्तूला विसरत नाही. तिच्याभोवती ते व्रणाचा कोश विणते. काहींच्या बाबतीत तो आवळत जातो, स्तन कठीण होतो, दुखतो. कुणाची पिशवी फुटते. अमेरिकेत अशा साधनांसाठी नीटसा कायदा झाला तो १९७६ मध्ये. १९९२ मध्ये केवळ सौंदर्यासाठी सिलिकोनचा गर वापरण्यावर तेथील सरकारी खात्याने बंदी घातली. दाव्यांच्या ओझ्याखाली डाउ कॉर्निंग कंपनीने १९९५ साली दिवाळखोरीचा आसरा घेतला. १९९९ मध्ये तज्ज्ञांच्या समितीला सर्वांगाच्या आजारांशी या पिशव्यांचा संबंध जोडणारा पुरावा आढळला नाही. स्थानिक उपद्रव मात्र तिने मान्य केले. २००६ मध्ये बंदी उठली. २०११ मध्ये एका विरळा कर्करोगाची शंका पुढे आली, आणि ती खरी निघाली.

अखेर २०२१ साली त्याच खात्याने फर्मावले की शस्त्रक्रियेआधी बाईपुढे एक यादी ठेवावी, तिने ती वाचून सही करावी. पिशवी जन्मभर पुरेलच असे नाही, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, हे त्यात स्पष्ट आहे. गरभरल्या पिशवीची पाच-सहा वर्षांनी, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, तपासणी करावी, असेही सांगितले आहे. म्हणजे जखम भरली तरी बरे होणे संपत नाही.

टिमी जीन २०१२ साली ऐंशीच्या वयात वार्ताहरांशी बोलली. पिशव्या अजून तिच्या अंगातच होत्या. कानांचे कामही डॉक्टरांनी कबूल केल्याप्रमाणे केले होते.