कार्तिकात आरंभ, आषाढात पूर्ण

थेरगावात राहणाऱ्याला पावसाचा जोर पवनेवरून कळतो. केजूदेवीच्या बंधाऱ्यावरून पाणी फेसाळत कोसळू लागलं, की वर मावळात काय चाललंय ते वेगळं विचारावं लागत नाही. आमच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टीचा वार गुरुवार. बांधकामांवर सुपरवायझर म्हणून माझी उभी हयात गेली. आषाढातल्या अशाच एका भिजक्या गुरुवारी पूल ओलांडून चिंचवडगावात गेलो आणि मोरया गोसावींच्या समाधिमंदिरातला शिलालेख पहिल्यांदा नीट वाचला.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास कारखान्यांपासून सांगायची पद्धत आहे. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग मोठमोठ्या कंपन्या आल्या, १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. हे सगळं खरंच आहे. पण त्याआधी तीन शतकं हे गाव महाराष्ट्राला ठाऊक होतं ते मोरया गोसावींमुळे. ते मोरगावच्या मयूरेश्वराचे निस्सीम भक्त. वारी करता करता वय झालं, शरीर थकलं, तेव्हा देवानेच दृष्टांत दिला आणि नदीत स्नान करताना मूर्ती हाती आली, असं परंपरा सांगते. पुढे त्यांनी पवनेकाठी संजीवन समाधी घेतली.

शिलालेख सांगतो की मंदिराचं काम शके १५८० मध्ये, विलंबी संवत्सरात, कार्तिक महिन्यात सोमवारी सुरू झालं आणि विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला पूर्ण झालं. इंग्रजी हिशेबाने १६५८ची अखेर ते १६५९चा पावसाळा. मोरयांचे पुत्र चिंतामणी महाराज यांनी ते बांधवून घेतलं. भाविक या ओळींवरून नजर फिरवून पुढे जातात. मी मात्र तिथेच थांबलो, कारण हे साइटच्या मस्टरसारखं वाटलं.

नदीकाठी पाया खणायचा तर पाणी उतरल्यावरच. चुन्याच्या कामाला सततचा पाऊस मानवत नाही. खरिपाची कापणी उरकल्याशिवाय माणसं आणि बैल मोकळे होत नाहीत. म्हणून आरंभ कार्तिकात. आणि आषाढ लागला की पवना कधी अंगणात येईल याचा नेम नाही, म्हणून तोवर काम आटोपायचं. उण्यापुऱ्या आठ महिन्यांत, एकाच मोसमात, जोत्यापासून शिखरापर्यंत! देवळाचा ठेंगणा, साधा घाटही त्यामुळे मला उमगला. नक्षीकामात वर्षं घालवायची नव्हती; पुराच्या पाण्यात टिकेल असं भक्कम काम हवं होतं. तेव्हा पवनेवर धरण नव्हतं. आजही धरणातून मोठा विसर्ग झाला की मंदिरात पाणी शिरतं, आणि ओसरल्यावर गाळ काढून पूजा पुन्हा सुरू होते. गवंड्यांची नावं लेखात नाहीत, पण त्यांचा अंदाज साडेतीनशे वर्षं टिकला आहे.

हे काम संपलं तेव्हा शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची प्रतापगडची भेट चार-पाच महिन्यांवर होती. पुढे मराठेशाहीत मोरयांच्या वंशजांना, म्हणजे देव घराण्याला इनामं मिळाली, चिंचवडला टांकसाळसुद्धा होती. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहॅम ही इंग्रज प्रवासी इथे आली होती. देवांचा वाडा काही तिला आवडला नाही. तिच्या प्रवासवर्णनात राजवाड्याच्या डौलाची अपेक्षा दिसते. देवांच्या या मंगलमूर्ती वाड्याच्या भिंतींकडे पाहताना मला वाटतं, हे घर डौलासाठी उभं राहिलंच नव्हतं.

जवळच चापेकर वाडा आहे. दामोदर हरी चापेकरांचा जन्म चिंचवडचा, २५ जून १८६९चा. वडील हरिभाऊ कीर्तनकार. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे भाऊ त्यांना कीर्तनात साथ करत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिशनर रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली आणि १८९८-९९ मध्ये तिघे भाऊ फासावर गेले. देवळाच्या सावलीत, कीर्तनात वाढलेल्या या घराने मोजलेली ती किंमत आजही अंगावर येते.

टांकसाळ गेली, सत्ताही गेली. टिकली ती भाद्रपदात आणि माघात मोरगावला जाणारी पालखी. ती माणसांच्या पायांवर आणि दरवर्षी नेमाने करायच्या कामावर उभी आहे; मंदिरही तसंच.

आमच्या भागातल्या शाळा सहलीला लांबचे किल्ले दाखवतात. जरूर दाखवावेत. पण एकदा मुलांना या शिलालेखासमोर उभं करावं आणि विचारावं : काम कार्तिकातच का सुरू केलं असेल? उत्तर शोधताना नदी, शेती, चुना, दगड आणि माणसं सगळीच त्यात येतील. कारखान्यांत राबणाऱ्यांच्या लेकरांना कळेल की हे शहर कष्टाच्या आखणीवर पहिल्यापासूनच उभं आहे.