'पुनश्च'चा अर्थ

३१ मे २०२० रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी टाळेबंदी शिथिल होण्याच्या पर्वाला 'पुनश्च हरिओम' म्हटले. मराठीच्या अभ्यासकांना या शब्दांचे कूळ सांगावयास नको. राजद्रोहाची शिक्षा भोगून सुटलेल्या टिळकांनी १८९९ साली 'केसरी'ची सूत्रे पुन्हा हाती घेताना लिहिलेल्या अग्रलेखाचे हे शीर्षक. तो खटला प्लेगच्या धामधुमीतला. मार्च २०२० मध्ये ज्याच्या आधारे राज्यात निर्बंध आले, तो साथरोग कायदाही १८९७ चा, त्याच प्लेगसाठी केलेला. बंदीची भाषा इंग्रजी राजवटीची आणि मोकळिकीची भाषा त्या राजवटीच्या कैद्याची, असा हा विलक्षण संयोग आहे.

परंतु 'पुनश्च' या अव्ययात एक गृहीत दडलेले असते : जे थांबले होते, तेच पुन्हा सुरू होते. त्या काळातील रोजचे जगणे या गृहीताला दुजोरा देत नाही, असे आम्हांस वाटते. जगणे एकदम उघडले नाही; तुकड्यातुकड्यांनी उघडले. ३ जूनपासून सकाळी फिरावयास जाता येऊ लागले. ५ जूनपासून दुकाने उघडली, तीही रस्त्याच्या एका बाजूची आज, तर दुसऱ्या बाजूची उद्या. २८ जूनपासून केशकर्तनालयात केस कापून मिळू लागले, दाढी मात्र नाही. १ जुलैच्या आषाढी एकादशीसाठी संतांच्या पादुका बसने पंढरपुरास गेल्या. पायी चालणाऱ्या दिंड्या त्या वर्षी नव्हत्या.

या काळाचा सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे मुंबईची लोकल. १५ जून २०२० रोजी ती धावू लागली, पण केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. २१ ऑक्टोबरपासून सर्व स्त्रियांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर प्रवासाची मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना, पण सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. खासगी कचेऱ्या ८ जून २०२० पासूनच मोजक्या मनुष्यबळावर सुरू झाल्या होत्या. म्हणजे विरार वा कल्याणला राहणाऱ्या साध्या नोकरदारासाठी कचेरी उघडली, तिच्याकडे नेणारी गाडी मात्र जवळपास आठ महिने बंद राहिली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत दार पुन्हा मिटले. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना प्रवेश मिळाला. राज्यातील निर्बंध संपूर्णपणे उठले ते २०२२ च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर.

'अत्यावश्यक' या शब्दाने सफाई कामगार, परिचारिका यांच्या श्रमाला उशिरा का होईना, एक नाव दिले. पण त्याच शब्दाने उरलेल्यांना न उच्चारता 'अनावश्यक' ठरवले. हा दुसरा शब्द कोणत्याही आदेशात नव्हता. स्थानकाच्या दाराशी अडवला गेलेला माणूस मात्र तो वाचू शकत होता.

टिळकांच्या 'पुनश्च'मध्ये उच्चार करणारा आणि आरंभ करणारा एकच होता. २०२० मध्ये उच्चार शासनाचा होता; आरंभ ज्याने त्याने आपली पाळी येईल तेव्हा करावयाचा होता. त्या दिवसांवरील कथा-कादंबऱ्या आपण वाचू वा शिकवू, तेव्हा टाळेबंदी 'उठली' एवढ्या एका वाक्यावर समाधान मानू नये. पात्र कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कोणते ओळखपत्र दाखवून गाडीत चढले, हे विचारावे. त्या काळातील विषमता अशाच तपशिलांत नोंदली गेली आहे.